मेंढरांची सुई

राग आला की माझा आवाज चढतो. आमच्या घरातली दोन माणसं मात्र तेव्हा हसतात, कारण त्यांना आवाज ऐकू येत नाही, नुसतं माझं वेडंवाकडं झालेलं तोंड दिसतं. एक माझा मामा आणि दुसरी माझी धाकटी बहीण. दोघंही जन्माचे बहिरे नाहीत. दोघांचे कान इंजेक्शननं गेले, आणि दोघांच्या बाबतीत घरानं आणि गावानं जे कारण सांगितलं ते साफ चुकीचं होतं. हे सगळं शांतपणे लिहायचं असं ठरवून बसले होते, पण ते काही जमेल असं वाटत नाही.

मामा केंदूरचा. आमच्या नात्यात मेंढरं घेऊन हिंडणारा तो शेवटचा. बाकीचे सगळे केव्हाच शेतीला लागले होते, आम्हीसुद्धा वडगाव रासाईला नदीकाठी ऊस लावून बसलो होतो. मामा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचा आणि पावसाच्या तोंडावर परतायचा. जनावरांचा डॉक्टर रानावनात कुठून येणार, म्हणून औषधाची पिशवी त्याच्या खांद्यालाच असायची. काचेची सिरिंज, दोन सुया आणि पांढऱ्या पावडरीच्या बाटल्या. बाटलीत पाणी सोडायचं, हलवायचं आणि मेंढराच्या मांडीत टोचायचं. त्याचा हात मोठा हलका होता.

एका वर्षी त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, ताप चढला, आणि जवळपास दवाखाना नव्हता. मामानं सरळ हिशेब केला, मोठ्या मेंढ्याला एवढं लागतं, तर मला दोन मेंढ्यांएवढं लागंल. पाच दिवस त्यानं स्वतःच्याच मांडीत सुई मारून घेतली. पाय बरा झाला. पंधरा दिवसांनी कानात शिट्टी वाजायला लागली आणि महिन्याभरात दोन्ही कान बंद पडले.

मग काय, गावाला करमणूकच झाली. मेंढराची सुई घेतली म्हणून बहिरा झाला, हे जो तो सांगायला लागला. चावडीपुढून जाताना पोरं त्याच्या मागं बें बें करायची, आणि त्याला ते ऐकू येत नाही म्हणून अजून मोठ्यानं करायची. आमची आई त्याची सख्खी बहीण, तीसुद्धा म्हणायची, "जनावराचं औषध मानसानं घेतल्यावर आन् काय व्हनार?" आमच्या सगळ्या भावकीनं त्यातून एवढाच धडा घेतला की मेंढरांची सुई वाईट आणि माणसांची सुई चांगली. माणसाच्या दवाखान्यात, माणसाच्या डॉक्टरनं दिलेल्या सुईनं कुणाचं काही वाकडं होत नाही. आईच्या थोरल्या बहिणीचे कान बाळंतपणात गेले होते. तिलाही तेव्हा ताप होता आणि तिलाही सुया दिल्या होत्या. पण ते बाळंतपणाच्या खात्यावर टाकून सगळे मोकळे झाले होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बहिणीला खोकला लागला. ती तेरा वर्षांची, मी सोळाची. संध्याकाळी ताप यायचा, पोर नुसती सुकत चालली होती. तालुक्याला नेलं, छातीचा फोटो काढला, टीबी निघाला. डॉक्टरनं गोळ्या लिहिल्या आणि दोन महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनचं एक इंजेक्शन. एकही चुकवायचं नाही, असं दोनदा बजावून सांगितलं. घरात कुणाचे कान गेलेत का, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तरी आई बोलली नसती म्हणा. मेंढरांच्या सुईची गोष्ट डॉक्टरपुढं काढून हसं कोण करून घेणार?

इंजेक्शन द्यायला शेजारच्या गावचा कंपाउंडर लुनावरून यायचा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मामा आमच्याकडं आलेला होता. ओसरीवर बसून त्यानं कंपाउंडरला बाटली फोडताना पाहिलं आणि ताडकन उठला. मामाला लिहायला-वाचायला येत नाही. पण त्या बाटलीवरचं ते लांबलचक इंग्रजी नाव त्याच्या डोळ्यांना पाठ होतं, मेंढरांच्या बाटलीवर तेच अर्धं नाव असायचं. त्यानं बाटली हिसकावली, आईच्या तोंडापुढं धरली, स्वतःच्या कानाला हात लावला, बहिणीकडं बोट केलं. बहिऱ्या माणसाचा आवाज कसा फाटतो ते ऐकलेल्यालाच कळेल. आई ओरडली, "ही मेंढराची न्हाई, मानसाची हाय!" ती कुणाला सांगत होती देव जाणे. मामानं बाटली भिंतीवर फोडली. कंपाउंडर चिडला, वडील चिडले, आणि मामाला दंडाला धरून अंगणात ढकललं ते मी. शाळेत पहिल्या नंबरानं पास होणारी, घरातली शहाणी मुलगी. दुसरी बाटली आणली आणि सुई दिली.

तिसऱ्या आठवड्यात बहीण म्हणाली, "कुकर वाजतोय का गं?" चूल थंड होती. आई म्हणाली, अशक्तपणा आहे. कंपाउंडर म्हणाला, उष्णता आहे, ताक द्या. आम्ही ताक दिलं. सुया पुऱ्या केल्या, एकही चुकवली नाही. टीबी बरा झाला हे खरं आहे, आणि तो बरा व्हायला हवाच होता, पण त्याच रोगाला दुसरीही औषधं होती. शेवटची सुई झाल्यावर काही दिवसांनी आईनं तिच्या पाठीमागं उभं राहून स्टीलचं ताट फरशीवर आदळलं. बहीण पुढ्यातली भाकरी मोडत राहिली. आईनं ताट उचललं, पुसलं आणि फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ती लोकांना सांगायला लागली, "तापात कान गेलं पोरीचं."

मी कॉलेजात गेले ते बायोलॉजी घेऊन. आमचे एक सर होते, पिवळी पडलेली वही घेऊन यायचे आणि तीच दरवर्षी सांगायचे, आम्ही उतरून घ्यायचो. त्यात रायबोसोम आला. पेशीत प्रथिनं तयार होतात ती जागा. सर सांगत, "रायबोसोमल आरएनए हा नुसता सांगाडा. खरं काम करतात ती प्रथिनं. लिहा." आम्ही लिहिलं. पुढं एम.एस्सी.ला पुण्याला गेले तेव्हा कळलं की मामला जवळजवळ उलटा असावा असं जगभरचे लोक म्हणायला लागलेत, आणि थोड्याच वर्षांत ते नक्कीच झालं. निरोप आणणारा आरएनए वेगळा, कच्चा माल आणून देणारा वेगळा, पण एक दाणा दुसऱ्या दाण्याला जोडून प्रथिनाची माळ ओवण्याचं काम हा रायबोसोमल आरएनएच करतो. आपलं रक्त, मांस, केस, डोळ्यातलं भिंग, सगळं त्याच्या हातून ओवलं जातं. प्रथिनं भोवतीनं उभी राहून त्याला आधार देतात. आणि आमच्या वहीत तो सांगाडा. घरात दिवसभर राबणाऱ्या बाईला "ती काही करत नाही, घरीच असते" म्हणतात तसलाच हा प्रकार. माझं डोकं तेव्हाही फिरलं होतं.

पण माझा खरा राग त्याच तासातल्या दुसऱ्या वाक्यावर आहे. सरांनी सांगितलं होतं, "स्ट्रेप्टोमायसिन हे जंतूच्या रायबोसोमल आरएनएला जाऊन चिकटतं. जंतूचं काम चुकतं, भलतीच प्रथिनं बनतात आणि जंतू मरतो. माणसाच्या रायबोसोमची घडण वेगळी, म्हणून माणसाला काही होत नाही." मी उभी राहिले. म्हटलं, "सर, माझ्या बहिणीचे कान गेले त्यानं." वर्गात खसखस पिकली. सर म्हणाले, "ते सिलॅबसमध्ये नाही. बसा."

मी बसले. पण तो प्रश्न काही बसला नाही. पुण्याच्या लायब्ररीत एका परदेशी मासिकात मला उत्तर सापडलं. आपल्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, पेशीला शक्ती पुरवणारे. फार फार पूर्वी ते जंतूच होते असं मानतात, आणि त्यांचा रायबोसोम अजून वेगळा आहे, त्यांचा स्वतःचा. त्याचा आरएनए जंतूच्या आरएनएशी बराच मिळताजुळता, पण बहुतेक माणसांत तेवढ्यापुरता वेगळा की औषध तिथं घट्ट बसत नाही. काही घराण्यांत मात्र त्यातलं एकच अक्षर बदललेलं असतं. हजारभर अक्षरांतलं एक. त्या एका अक्षरानं माणसाचा आरएनए जंतूच्या आरएनएसारखा होतो, औषध त्यालाच जंतू समजून चिकटतं, आणि कानातल्या नाजूक पेशी मरतात. त्या परत उगवत नाहीत. बाकी अंगाला धक्का नाही, माणूस धडधाकट. आणि मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. आईला असलं की सगळ्या मुलांना असतं. मुलगा ते पुढं देत नाही, मुलगी देते.

मामा, मावशी, बहीण. मेंढराची सुई, बाळंतपण, ताप. तीन माणसांना तीन कारणं चिकटवली होती, आणि कारण एकच होतं, आजीच्या पोटातून आलेलं. ते अक्षर आईत होतं, माझ्यातही होतं. आईला सुईची भीती, तिनं जन्मात इंजेक्शन घेतलं नाही, म्हणून तिला परसातली कुजबुजसुद्धा ऐकू येते. मला कधी गरज पडली नाही, एवढंच माझं नशीब. आमच्या भागात तपासणी कुठं होत नव्हती, माझ्याकडं कागद नव्हता. पण मला शंका उरली नाही.

आमच्याकडं इनामगावला नदीकाठी खोदून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडं काढली होती. ती माणसं काय खात होती, कशानं मेली, हे मोठमोठ्या लोकांनी शोधून काढलं म्हणे. चांगलंच केलं. पण पाच-दहा कोसांवर जिवंत माणसांचे कान एकामागून एक जात होते, तिथं "काय झालं हो?" असं विचारायला कुत्रं फिरकलं नाही.

मी सुट्टीत घरी आले आणि आईला चुलीपुढं बसवून सगळं सांगितलं. तिला आरएनए कळला नाही, पण "आईकडून येतं" हे लगेच कळलं. ती म्हणाली, "हे कुनापुढं बोलायचं न्हाई. पोरीचं जमायलंय." बहिणीला दौंडकडचं स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत फिटर, स्वभावानं गरीब, तिच्याशी तोंड नीट हलवून बोलायचा. "लगीन हुईस्तोवर गप ऱ्हा. तुला माझी आन हाय." मी म्हटलं, निदान तिला तरी सांगू. तर म्हणाली, "ती पोटात ठेवनारी हाय का? भडाभडा बोलंल समद्यांपुढं."

मी गप्प राहिले. मुलाकडचे बघायला आले त्या दिवशी मी आईशेजारीच बसले होते. मुलाच्या आईनं विचारलं, "जलमापासनं न्हाई ना?"

"न्हाई वं. तापात गेलं," आई म्हणाली.

"फुडं पोराबाळास्नी व्हायचं न्हाई ना?"

"छ्या. तसलं काय न्हाई आमच्यात."

मी चहाचे कप गोळा करायला उठले. लग्न झालं. मग वर्ष गेलं, दोन गेली, बहिणीला मुलगी झाली. आता सांगू, मग सांगू, असं म्हणत मी मूग गिळून बसले. सासरचे काय म्हणतील, तिला परत पाठवतील का, ही भीती आईची होती, आणि ती मी आपलीच करून घेतली. दरम्यान मला शिरूरला ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. दरवर्षी मी बारावीच्या पोरांना रायबोसोमल आरएनए शिकवत होते. फळ्यावर छान रंगीत आकृती काढायची. सरांसारखं "सांगाडा" म्हणायची नाही, याचा मला अभिमान होता. साठ पोरांना सांगायला मला तोंड होतं आणि सख्ख्या बहिणीला सांगायला नव्हतं.

भाची चार वर्षांची असताना एका दुपारी कॉलेजच्या ऑफिसात मेहुण्यांचा फोन आला. पोरीला न्यूमोनिया झालाय, दौंडला एका खाजगी दवाखान्यात ठेवलंय, तुमच्या आई इथंच आहेत. मी विचारलं, "इंजेक्शन कुठलं चालू आहे?" ते म्हणाले, "नाव काय ठावं न्हाई, सकाळी एक दिलं." तास तसाच टाकून मी एसटी पकडली. वाटेत कुणाशी बोलले, काय पाहिलं, काही आठवत नाही. एकच डोक्यात होतं, संध्याकाळचं इंजेक्शन जायच्या आत पोचायचं.

पोचले. खाटेच्या पायाला अडकवलेला केसपेपर उचलला. अमिकासिन, दोन वेळा. स्ट्रेप्टोमायसिनच्याच घराण्यातलं, त्याच आरएनएला जाऊन चिकटणारं. नर्स ट्रे घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, "हे देऊ नका." ती म्हणाली, डॉक्टरांना सांगा. डॉक्टर आले, तरुण होते, दिवसभर थकलेले.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. बारावीला बायोलॉजी शिकवते."

"मग कॉलेजात शिकवा मॅडम. इथं पेशंट आहे."

एरवी मी तिथंच दवाखाना डोक्यावर घेतला असता. पण नर्स अजून ट्रे घेऊन उभी होती. मी त्यांना मायटोकॉन्ड्रियाचा रायबोसोम, ते अक्षर, सगळं सांगितलं, अडखळत, जमेल तसं. ते ऐकत राहिले, हे त्यांचं मोठेपण. मग म्हणाले, "असं असतं, वाचलंय मी. पण काल ॲडमिट करताना मी आजींना विचारलं होतं, घरात कुणाला कुठल्या औषधाचा त्रास झालाय का. त्या नाही म्हणाल्या."

मी आईकडं पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"तू स्ट्रेप्टो म्हनली हुतीस," ती म्हणाली. "ह्येचं नाव येगळं हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मामानं बाटलीवरच्या नावाचा आकार ओळखला होता, तेव्हा त्याला हाकललं. आता आई नुसतं नाव पाठ करून बसली होती, आणि नाव बदललं म्हणून गप्प राहिली. की डॉक्टरांनी विचारलं तेव्हा शेजारी विहीणबाई होत्या म्हणून गप्प राहिली? हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि विचारायची हिंमतही नाही. कारण बाकीच्या औषधांची नावं तिला मीही कधी सांगितली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "स्पष्ट सांगा. घरात कोणकोण?" खोलीत मेहुणे होते, त्यांची आई होती, आणि खाटेवर भाचीला मांडीवर घेऊन बहीण बसली होती. मी डॉक्टरांकडं तोंड करून म्हटलं, "माझा मामा, माझी मावशी आणि ही. तिघांचे कान सुईनं गेले. ताप नव्हे, सुई. आईकडून आलंय, हिच्या मुलीतही असणार."

विहीणबाई आईला म्हणाल्या, "म्हंजी तुमास्नी ठावं हुतं."

डॉक्टरांनी पेन काढून अमिकासिनवर रेघ मारली, दुसरं औषध लिहिलं आणि केसपेपरच्या माथ्यावर लाल शाईनं सूचना लिहिली. एक डोस गेलाय, वाट बघू, म्हणाले. नर्स ट्रे घेऊन परत गेली. चाळीस वर्षांत आमच्या घराण्याला मिळालेला न्याय एवढाच, एक लाल ओळ.

बहिणीला कुणी काही सांगितलं नाही. आम्हाला सवयच होती, तिच्या डोक्यावरून बोलायची. पण ती ओठ वाचते हे आम्ही सगळे नेहमीच विसरतो. ती त्या दिवशी एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर नजर फिरवत बसली होती.

पुढचे चार दिवस मी तिथंच राहिले. ताप उतरला, पोर खायला लागली. रोज सकाळी मी तिच्या पाठीमागं जाऊन काहीतरी वाजवायची, कधी चमचा, कधी किल्ल्या. ती वळायची. तरी माझं समाधान होईना, कारण हे औषध नंतरही दगा देतं. पाचव्या दिवशी डब्यातलं स्टीलचं ताट घेतलं आणि फरशीवर जोरात आदळलं. भाची दचकून वळली आणि रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, कशाला आपटतीस?"

बहिणीनं पोरीला वळताना पाहिलं. मग फरशीवरच्या ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिचा आवाज सपाट आणि मोठा आहे, आख्ख्या वॉर्डात गेला.

"तुला कवा कळलं?"

मी ओठ नीट हलवून सांगितलं, "तुझ्या लग्नाआधी."

तिनं पोरीला उचलून खांद्याशी धरलं आणि माझ्याजवळ आली. वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मामाला समद्यांच्या आधी कळलं हुतं," ती म्हणाली. "त्यानं बाटली फोडली. तवा त्याला ढकललंस ती तूच."

एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. तिला ऐकायचं नसलं की एवढं पुरतं. मी आईची शपथ सांगत होते, स्थळाचं सांगत होते, माझं चुकलं म्हणत होते, आणि ते सगळं तिच्या पाठीला सांगत होते. भाची तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.